तुम्ही विचारलंत म्हणून: दहा माणसांसमोर रोज कशाला गातात?

भारतातून कोणी आलं की मी त्यांना इंग्लंडमधल्या आमच्या शहरातल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मोठ्या चर्चमध्ये, कोरल इव्हनसाँगला, म्हणजे गाऊन होणाऱ्या संध्याकाळच्या प्रार्थनेला घेऊन जाते आणि बाहेर पडल्यावर बहुतेक सगळे एकच विचारतात, "अगं इतकं सुंदर गातात आणि ऐकायला माणसं एवढीशीच? मग रोज कशाला करतात? आणि असं किती दिवस टिकणार?" दर वेळी पार्किंगपर्यंत चालता चालता अर्धंमुर्धं काहीतरी सांगते, आता एकदाच नीट लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे ते आपल्यासाठी गात नसतात. आपण कॉन्सर्ट समजून जातो, त्यात फुकट म्हणून अजूनच खूष, शेवटी टाळ्या वाजवायला हात वर करतो आणि बाकी कोणीच वाजवत नाही म्हणून गुपचूप खाली घेतो. पंढरपुरात काकडा आणि शेजारती काही गर्दी बघून ठरत नाहीत ना, तसंच आहे हे. फेब्रुवारीतला मंगळवार, बाहेर पाऊस, समोर दोन आज्जी आणि पाठीवर सॅक घेतलेला एक टूरिस्ट, तरी आठ ते तेरा वर्षांची पोरं पांढरे झगे घालून रांगेत येणार, मागून मोठी माणसं, आणि ठरलेलं सगळं ठरल्याप्रमाणे होणार. एकदा हे डोक्यात शिरलं की रिकाम्या खुर्च्या मोजायची सवय जाते. माझी तरी गेली.

आता ठरलेलं म्हणजे काय, तर 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' या चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात लिहिलेलं. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने १५४९ मध्ये ते काढलं. आधी मठांमधून दिवसभर लॅटिनमध्ये प्रार्थना चालायच्या, त्यातल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या मिळून त्याने इंग्रजीत एकच केली, ती ही. आज ज्याला लोक 'आमची प्राचीन परंपरा' म्हणून छातीशी धरतात ते पुस्तक आलं तेव्हा इतकं नवं आणि इतकं नकोसं होतं की डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये त्याच्याविरुद्ध उठाव झाला आणि हजारो माणसं मेली. पुढे कॅथलिक राणी मेरीच्या काळात खुद्द क्रॅन्मरलाच ऑक्सफर्डला जिवंत जाळलं, १५५६ साली. मग १६४५ मध्ये प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांच्या पार्लमेंटने पुस्तकावरच बंदी आणली, कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचे ताफे बंद, ऑर्गन काढून टाकलेले, आणि पंधराएक वर्षांनी राजा परत आल्यावर सगळं पुन्हा उभं करायला लागलं. १६६२ ची जी आवृत्ती निघाली तीच अजून चालते. म्हणून कोणी 'किती शतकं अखंड चालू आहे' वगैरे म्हणालं की मला हसू येतं. अखंड कुठलं, मध्ये साफ बंद पडून परत सुरू झालेलं आहे हे.

त्या १६६२ च्या पुस्तकात एक बारीकशी सूचना आहे, की जिथे कॉयर गातो तिथे प्रार्थनेत या जागी अँथम, म्हणजे कॉयरने गायचं धार्मिक गीत, म्हणावं. बस्स, एवढंच. टॅलिस, बर्ड, गिबन्स या जुन्या इंग्लिश संगीतकारांपासून आजच्या पोरासोरांपर्यंत सगळ्यांच्या अँथमना जागा मिळाली ती एवढ्या एका ओळीत. आणि त्यातला बर्ड तर कॅथलिक होता, म्हणजे सरकारच्या लेखी संशयित, तरी त्याचं संगीत तिथे गायलं गेलं आणि अजून गातात.

पण माझ्यासाठी खरी मजा अँथममध्ये नाही, साममध्ये आहे. साम म्हणजे बायबलमधली दीडशे स्तोत्रं, ती या पुस्तकाने महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलीत, आज कुठलं म्हणायचं ते तारीख ठरवते, कोणाचा मूड नाही. जिथे हा हिशोब अजून पूर्ण पाळतात तिथे १५ तारखेच्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं येतं, सत्तरच्या वर ओव्या, संपता संपत नाही, आणि पोरांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसतं. कॉयर समोरासमोर दोन बाजूंना बसतो, एक ओवी या बाजूने, पुढची त्या बाजूने, आणि प्रत्येक ओवीच्या मध्ये एक थांबा असतो, अगदी श्वासाएवढा. कोणी मोजत नाही, कोणी खूण करत नाही, तरी वीस-पंचवीस जण एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी पुढे जातात. ही गोष्ट शनिवारी रिहर्सल करून येत नाही, रोज सकाळी शाळेआधी तालीम आणि संध्याकाळी परत तालीम केली की मगच येते. आणि हेच पोरगं अर्ध्या तासाने बाहेर आईच्या गाडीत क्रिस्प्सचं पाकीट फोडत बसलेलं असतं.

म्हणून कोणी सुचवलं की रोज कशाला, महिन्यातून एकदा मेणबत्त्या लावून झकास कार्यक्रम करा, तिकीट लावा, हाउसफुल होईल, तर मला ते अजिबात पटत नाही. हाउसफुल होईलही. पण तो थांबा जाईल.

धोका मला वाटतो तो पोरं आणि पैसे या दोन बाजूंनी. यातली बरीच पोरं कॅथीड्रलला जोडलेल्या खाजगी शाळांमध्ये शिकतात, फीमध्ये सवलत असते पण पूर्ण माफी क्वचित, त्यात जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. मोठी गाणारी माणसं, ज्यांना ले क्लार्क म्हणतात, त्यांना त्यातून मिळतं ते पोटापुरतंही नसतं, दिवसा कोणी शिकवतो, कोणी ऑफिसात असतो. २०२० मध्ये शेफील्ड कॅथीड्रलने तर असलेला कॉयर बंद करून नव्याने सुरुवात करायची असं जाहीर केलं आणि बराच गदारोळ झाला. १९५६ पासून एक संस्था या कॉयरांसाठी पैसे गोळा करते, आता तिचं नाव कॅथीड्रल म्युझिक ट्रस्ट, तेव्हा काळजी करणारे आहेत, नाही असं नाही.

परंपरा टिकवायची म्हणजे काहीच हलवायचं नाही असं मानणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. १९९१ मध्ये सॉल्सबरी कॅथीड्रलने मुलींचा कॉयर काढला तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली, की तो आवाज यायचा नाही, मुलगे गळतील. आज मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आलीय आणि माझ्या मते त्यांच्यामुळेच कितीतरी ठिकाणी गाण्याचा आठवडा पूर्ण भरतो. पुस्तक तेच, ओव्या त्याच. भाषेचं म्हणाल तर १९८० आणि २००० मध्ये चर्चने सोप्या इंग्रजीतली नवी पुस्तकं आणली आणि गावोगावच्या चर्चमधून जुनं पुस्तक बरंचसं मागे पडलं. इव्हनसाँगमध्ये ते टिकलं कारण संगीतच त्या शब्दांवर बांधलेलं आहे, शब्द बदलले तर चारशे वर्षांचं सामान कपाटात जाईल.

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, की तू हिंदू, तुला चालतं का? तर मला आजवर तिथे कोणी काही विचारलेलं नाही. उभं राहायचं तेव्हा उभं राहते, क्रीडच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीच्या वेळी गप्प असते. हर्बर्ट हॉवेल्स या इंग्लिश संगीतकाराने १९४५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी जी इव्हनसाँगमधल्या मरियेच्या आणि शिमोनाच्या स्तोत्रांची चाल बांधली ती ऐकून भलेभले गप्प होतात, आणि त्याची स्वतःची श्रद्धा काही फार ठाम नव्हती म्हणतात. नऊ वर्षांचा मुलगा पोलिओने गेला होता त्याचा. आणि आपल्या पंडिता रमाबाई आठवा, १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला याच चर्च ऑफ इंग्लंडच्या सिस्टरांकडे राहून बाप्तिस्मा घेतला आणि मग त्याच सिस्टरांशी पत्रांतून धर्मातल्या मुद्द्यांवर मनसोक्त भांडल्या. त्या मानाने माझं गप्प बसणं काहीच नाही.

यायचं असेल तर कॅथीड्रलची वेबसाइट आधी बघा, बऱ्याच ठिकाणी आठवड्यात एखादा दिवस गाणं नसतं, प्रार्थना नुसती म्हणतात. दहा मिनिटं आधी पोचा आणि आत कॉयरच्या बाकांजवळ बसायला मिळेल का ते विचारा, बहुतेक वेळा बसवतात. निघताना देणगीच्या ताटात एखादी नोट टाका, नाणी नकोत. आणि शक्यतो ऑगस्ट सोडून या, पोरांना सुट्टी असते, बाहेरगावचे कॉयर येऊन गातात, त्यातले काही फार छान गातात आणि काहींचं काय सांगू.