कशाची म्हातारी अन् कशाची कोतारी

मे महिन्यात परभणीला माहेरी जाणाऱ्या बाईनं स्वतःच्या हिमतीवर जावं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कशावरून पडली ते मला आजवर पटेल असं कुणी सांगितलेलं नाही. उन्हावरून पडली असेल तर मात्र माझी काही हरकत नाही. दुपारी बारा ते पाच सगळं घर एका खोलीत. भाऊ कामावर जाण्याआधी बादल्या ओतून कूलर भरून जातो, अन् त्या ओल्या वाळ्याच्या वासात आम्ही सगळे चटईवर आडवे. मायचं तेवढं बसल्या-बसल्या काहीतरी चालू असतं. त्या दिवशी ती पाटीभर वाळलेल्या कुरडया डब्यात रचत होती.

टीव्हीच्या रिमोटवरून भांडण पेटलं होतं. भाची स्वरा सहा वर्षांची, तिला राजकुमारीचा पिक्चर पाहिजे. ओम आठ वर्षांचा. तो म्हणे, “मी नाय बघत पोरींचा पिक्चर.”

“का रे? डोळे जातेत का?” मी विचारलं.

“आत्या, पोरींचा असतोय तो!” म्हणजे एवढं सांगितल्यावर आणखी काय सांगायचं, असा चेहरा.

स्वराच्या दप्तरावर रापुन्झेल आहे. माय तिला ‘शेवयावाली पोरगी’ म्हणते, कारण ते पिवळे केस अगदी काठीवर वाळत टाकलेल्या शेवयांसारखे लोंबतात. ओम त्या दप्तराला हातसुद्धा लावत नाही. एकदा शाळेतून येताना बहिणीचं दप्तर धरावं लागलं, तर पठ्ठ्यानं चित्र पोटाकडं करून आणलं होतं.

मग मी न्यायाधीश झाले आणि ‘फ्रोझन’ लावला. ओमनं संशयानं विचारलं, “यात राजकुमारी हाय का?” मी म्हटलं, “यात एक रेनडिअर हाय. अन् गाजराचं नाक असलेला बर्फाचा माणूस. लई हसवतो.” ओम मांडी घालून बसला. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. फक्त दोन राजकन्या, त्यातली एक पुढं राणी होते, आणि सगळी गोष्टच त्या दोघींची, एवढं काय ते सांगायचं राहून गेलं.

नंतर कूलरच्या घरघरीत माझ्या लक्षात आलं, की डिस्नेनं २०१३ मध्ये अगदी हेच केलं होतं. या सिनेमाची पहिली झलक आली तेव्हा तिच्यात त्या दोघी राजकन्याच नव्हत्या, ना एल्सा, ना ॲना. गोठलेल्या तळ्यावर रेनडिअर आणि बर्फाचा माणूस एका गाजरासाठी घसरत-आपटत झोंबत होते, बस्स. सिनेमाचं मूळ डेन्मार्कच्या परीकथाकार अँडरसनच्या १८४४ च्या ‘हिमराणी’ या कथेत आहे आणि स्टुडिओतही आधी तेच नाव चाललं होतं. पण पडद्यावर येईपर्यंत राणी गेली, नुसता बर्फ राहिला.

याची सुरुवात आधीच झाली होती. २००९ च्या डिसेंबरात डिस्नेचा ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ आला. जगभरात त्यानं साधारण २७ कोटी डॉलर कमावले, पण स्टुडिओची अपेक्षा मोठी होती. निष्कर्ष निघाला, की नावात ‘प्रिन्सेस’ आहे म्हणून मुलगे फिरकले नाहीत. मुलगी भावाबरोबर समुद्री चाच्यांचा पिक्चर बघते, भाऊ बहिणीबरोबर राजकन्येचा बघत नाही, हा धंद्यातला जुना हिशेब. तो खोटा आहे असं मी आमच्या घरात बसून म्हणू शकत नाही. पण सर्वत्र लागल्याच्या पुढच्याच आठवड्यात ‘अवतार’ येऊन आदळला होता, तो मोठा हिशेब सगळे विसरले. आमच्याकडं नवी सून आली आणि त्या साली पाऊस कमी पडला की तिच्या पायगुणावर खापर फुटतं. तसा इथं राजकन्येचा पायगुण निघाला.

मग पुढची राजकन्या, जिचं नाव इतकी वर्षं ‘रापुन्झेल’ म्हणून ठरलेलं, तिचं २०१० मध्ये ‘टँगल्ड’ झालं. गुंता. जाहिरातीत चोर नायकाला पुढं काढलं. नावावरून ही फक्त मुलींची परीकथा वाटू नये, असं स्टुडिओच्या लोकांनी तेव्हा वर्तमानपत्रात मोकळेपणानं सांगितलंही. सिनेमानं ५९ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, आणि नावाचा तोडगा लागू पडला असं ठरलं. डिस्नेच्याच पिक्सार स्टुडिओला तर पहिल्या बारा सिनेमांत नायिका सुचली नव्हती. तेराव्यात आली, २०१२ मध्ये. तिचं कामचलाऊ नाव होतं ‘अस्वल आणि धनुष्य’, शेवटी झालं ‘ब्रेव्ह’. मेरिडा हे नायिकेचं नाव काही पाटीवर चढलं नाही.

डिस्नेतल्या माणसांनाही असल्या नावांचं हसू येत असावं. ही गोष्ट बरीच आधीची, मुलींचा संबंध नसलेली. १९८६ मध्ये एका उंदराच्या सिनेमातून त्या उंदराचं नाव काढून ‘द ग्रेट माऊस डिटेक्टिव्ह’ असं सरळधोपट नाव दिलं, तेव्हा तिथल्या एकानं साहेबाच्या नावानं खोटं परिपत्रक काढलं, की आता जुन्या सगळ्या सिनेमांची नावं अशीच बदलण्यात येत आहेत. त्यात ‘स्नो व्हाइट’चं झालं होतं ‘सात छोटी माणसं एका मुलीला मदत करतात’. आणि ‘सिंड्रेला’चं, ‘आरपार दिसणाऱ्या बुटांची मुलगी’. मला हे दुसरं फार आवडलं. आमच्या गल्लीत माणसं अशीच ओळखली जातात.

गंमत म्हणजे जहाज समुद्र ओलांडून गेलं की ही लपवाछपवी टिकत नाही. जर्मनीत ‘टँगल्ड’ हा ‘रापुन्झेल’ याच नावानं लागला. ‘फ्रोझन’ फ्रान्समध्ये ‘हिमराणी’ झाला, जर्मनीतही बर्फाची राणीच. ‘ब्रेव्ह’ जर्मनीत ‘मेरिडा’. तिकडच्या मुलग्यांनी काय केलं असेल, थेटराच्या दारात डोळे झाकले असतील का? स्पेनमध्ये ‘टँगल्ड’चं नाव झालं ‘एनरेदादोस’, म्हणजे ‘गुंतलेले’. पुल्लिंगी, अनेकवचनी. त्यांचं व्याकरण आपल्यासारखंच खोडकर, लिंग सांगितल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

मराठीत तर हा डाव मांडताच येत नाही. ‘ब्रेव्ह’ला ‘शूर’ म्हणून एक वेळ सुटता येईल, शूर सगळ्यांना चालतं. पण ‘फ्रोझन’चं काय करणार? गोठलेला, गोठलेली की गोठलेलं? पहिलं म्हणावं तर लबाडी, दुसरं म्हणावं तर ओम उठून जाणार, तिसरं म्हणावं तर तुपाची जाहिरात वाटते. ‘टँगल्ड’ मात्र जमतं. ‘गुंतलेली’ म्हणायचं. ‘मुलगी आली’ आणि ‘मुलं आली’, पुस्तकी मराठीत दोन्हीकडं ‘आली’च. स्टुडिओनं विचारलं तर सांगायचं, ही सगळी मुलं गुंतलेली आहेत हो. तेही पुस्तकात. परभणीत ‘लेकरं आले’ म्हणतात, म्हणजे इथं तीही वाट बंद.

मी एवढ्या पोटतिडकीनं हे का बोलते, तर माझं नाव किरण आहे. आमच्या अण्णांनी ते माझ्या जन्माच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी वाया जायला नको. मी चिडून विचारायचे, “अण्णा, तुम्हाला मुलगाच पाहिजे होता ना?” तर ते म्हणायचे, “मला लेकरू पाहिजे होतं.” लेकरू नपुंसकलिंगी, त्यामुळं भांडण तिथंच संपायचं. खरं काय होतं ते आता विचारायला अण्णा नाहीत.

शिकायला परगावी गेले, तर तिथल्या यादीत माझं नाव मुलांच्या वसतिगृहात. खोली नंबर सतरा, सोबत तीन पाटील. वळकटी, पत्र्याची पेटी आणि माय असा लवाजमा घेऊन मी दारात उभी, अन् तिथले सर चष्म्यावरून एकदा यादी बघतात, एकदा मला. “किरण तूच का?” “हो सर.” “मग कळवायचं नाही का?” काय कळवायचं ते त्यांनाही सांगता येईना. माय तोवर पेटीवर बसून भाकरीचं फडकं सोडायला लागली होती. संध्याकाळपर्यंत यादी दुरुस्त झाली, पण पुढं वर्षभर मला ‘श्री. किरण’ म्हणून पत्रं येत राहिली. खोटं कशाला बोलू, काही ठिकाणी त्या ‘श्री.’चा मला फायदा झाला. कामाची पत्रं लिहिली की उत्तरं जरा लवकर यायची. फोनवर आवाज ऐकला की समोरचा घुटमळायचा: “अहो, ते किरण साहेब आहेत का?” तोवर काम अर्धं झालेलं असायचं.

तर पिक्चर. राणी डोंगरावर जाऊन बर्फाचा महाल उभारायला लागली आणि नेमकी लाइट गेली. कूलर थांबला. ओमच्या तोंडून “अर्रर्र” निघालं, ते स्वराच्या “अर्रर्र”पेक्षा मोठं होतं. मी त्याच्याकडं बघितलं, तर त्यानं मान वळवली.

लाइट रात्री नऊपर्यंत आली नाही. आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली. गच्ची पाणी मारूनही तापलेलीच, चादरीखालून भाजत होती. लेकरं झोपेनात, तेव्हा मायनं गोष्ट लावली. “कोणती सांगू? भोपळ्याची सांगू?” दोघं म्हणाले, सांग.

म्हातारी लेकीकडं निघाली. वाटेत लांडगा भेटला, वाघ भेटला. मला खाऊ नको रे बाबा, लेकीकडं जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग खा. लेकीनं महिनाभर जेवू घातलं आणि परत पाठवताना मोठ्या भोपळ्यात बसवलं. वाटेत वाघ आडवा आला, म्हणाला, म्हातारे म्हातारे थांब. आतून आवाज आला,

“कशाची म्हातारी अन् कशाची कोतारी! चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!”

मी चांदण्यांकडं बघत पडले होते, ती उठून बसले. लहानपणापासून ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. सगळी म्हातारीची गोष्ट आहे. जाते ती, घाबरते ती, शक्कल लढवून सुटते ती. भोपळा नुसता टुणूक टुणूक करतो. पण आमच्या घरात तिला कुणी म्हातारीची गोष्ट म्हटलेलं नाही. ती भोपळ्याचीच. आणि सिंड्रेलाकडंही भोपळा आहे की, चांगला बग्गी झालेला, तरी १९५० मध्ये पाटीवर नाव तिचंच लागलं होतं.

वर ही म्हातारी स्वतःच आतून ओरडून सांगते, इथं कुणी बाई-बिई नाही. कारण वाटेत वाघ बसलाय. डिस्नेच्या त्या साहेब लोकांना मी दुपारपासून मनातल्या मनात नावं ठेवत होते, पण त्यांनी तरी वेगळं काय केलं? रापुन्झेलला भोपळ्यात बसवलं आणि आठ वर्षांच्या वाघांसमोरून ढकलून दिलं. म्हातारीला निदान भोपळा लेकीनं दिला होता, एवढा फरक.

“माय,” मी म्हटलं, “या गोष्टीला म्हातारीची गोष्ट का नाही म्हणत?”

“म्हातारीची गोष्ट कोण ऐकतंय?” माय म्हणाली, आणि स्वराला थोपटायला लागली.

आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई मला तेव्हा आठवली. तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत छापलेले सापडतात. मुखपृष्ठावर नाव नामदेवाचं. पण आत अभंगांच्या शेवटच्या ओळींत ‘जनी’ हे नाव येत राहतं, तिनं ते कुणाला काढू दिलं नाही. दळता-कांडता ज्या बाया ते म्हणत आल्या, त्यांनी मुखपृष्ठ कुठं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेला पिक्चर लावला. या वेळी रिमोट ओमनंच दाबला, ‘पुढं काय व्हायलंय ते बघू’ एवढंच म्हणत. बर्फाचा माणूस आला तेव्हा तो हसला, पण बहीण बहिणीला शोधायला निघाली तेव्हा एकदम गप्प. गुडघे छातीशी घेऊन, तोंडात चादरीचं टोक. स्वरानं मध्येच पाणी मागितलं तर “थांब की जरा!” म्हणून तिच्यावरच खेकसला.

तेवढ्यात फाटकाशी त्याचा दोस्त. बॅट हातात, डोक्याला ओला रुमाल.

“ओम्या, काय बघायलास रे?”

ओम ताडकन उठला, टीव्हीच्या आडवा उभा राहिला. त्याच्या मागं राणीचा निळा झगा पडदाभर पसरलेला.

“रेनडिअरचा पिक्चर हाय,” तो म्हणाला. “ये आत. गार लागायलंय इथं.”

दोस्त चप्पल काढून आत आला, मांडी घालून बसला. स्वरानं तोंड उघडलं, तसा ओमनं तिला कोपरानं ढोसलं. मी काहीच बोलले नाही. माझंच वाक्य होतं ते.

“ए, बाजूला सरका रे पोरांनो,” कुरडयांच्या डब्यामागून माय म्हणाली. “त्या बर्फाच्या बाईचं काय व्हायलंय ते दिसू द्या मला.”