७७५ चा स्क्रीनशॉट

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरायला लागलं. हिरवी चौकट, वर केळीचे रोजचे भाव जाहीर करणाऱ्या संस्थेचा लोगो, तारीख बरोबर, 'नवती' ही केळीची प्रत लिहिलेली आणि खाली ठळक आकडा: ७७५. आदल्या दिवशी क्विंटलचा भाव साडेअकराशेच्या वर होता. म्हणजे एका रात्रीत केळी जवळजवळ चारशेने पडली. आठ वाजेपर्यंत ते चित्र रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या सगळ्या ग्रुपांवर पोचलं आणि त्याखाली शिव्या सुरू झाल्या.

मला फोन आला तो संस्थेच्या नानांचा. नाना तिथले जुने कारकून, भाव टाकायचं काम त्यांच्याकडे. "भाऊ, आम्ही अकराशे ऐंशी टाकला. हा सातशे पंच्याहत्तर कोणी टाकला? संचालक म्हणताय हॅक झालं. सकाळी जळगावला सायबरला जायचं म्हणताय."

वेबसाइट तेव्हा माझी राहिली नव्हती, हे आधी सांगितलेलं बरं. संस्थेचं जुनं भावाचं पान मी बनवलेलं. पुढे एका संचालकांच्या जावयाच्या ओळखीने पुण्याच्या एजन्सीला काम गेलं आणि नवीन, 'ॲपसारखी' साइट आली. राग होताच, नाकारत नाही. तरी भुसावळहून निघालो, तापी ओलांडून फैजपूरमार्गे सावद्याला. नानांचा आवाज तसा होता.

बाहेरच्या माणसाला भावाचं पान म्हणजे काय ते चटकन कळत नाही. दुसऱ्या दिवसाचा भाव संध्याकाळी निघतो. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा प्रतींचे भाव वेगळे, आणि भावाशेजारी 'फरक' म्हणून आणखी एक आकडा लिहायचा असतो. व्यापाऱ्याचा माणूस बागेच्या बांधावर उभा असतो, गाडी पहाटे लागणार असते, आणि सौदा त्याच अर्ध्या-पाऊण तासात ठरतो. पलीकडे बऱ्हाणपूरचा लिलाव काय निघाला तेही दोघांना माहीत असतं. जाहीर भावाने माल घेतीलच असं नाही, पण बोलणं त्या आकड्यापासून सुरू होतं. आकडा खाली, तर बोलणं खाली.

ऑफिसात चार संचालक, प्रत्येकाच्या हातात फोन. मी आधी डेटाबेस पाहिला. ११८०, नानांच्या लॉगिनवरून, सहा वाजून काही मिनिटांनी. नंतर कोणी बदल केलेला नाही. सर्व्हरच्या नोंदींत संशयास्पद काही नाही. हॅकिंगचा वास कुठेच येत नव्हता, आणि नेमकं तेच संचालकांना पटत नव्हतं. हॅकर सापडला असता तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

मग मी माझ्या लॅपटॉपवर साइट उघडली आणि आकडा शून्यापासून भरभर चढत ११८० वर जाऊन थांबताना पाहिला. छान दिसतं. मोठ्या कंपन्यांच्या पानांवर 'आमचे इतके ग्राहक' असं चढत जातं, तसंच. पुन्हा उघडली, पुन्हा चढला. शिपायाचा फोन मागून घेतला. तीन-चार वर्षं जुना, स्वस्तातला अँड्रॉइड, आतली जागा फोटोंनी भरलेली. त्यावर पान उघडलं. आकडा निघाला, सहाशे, सातशे, आणि सातशेच्या घरात अडकला. खाली महिन्याभराच्या भावांचा रंगीत आलेख हळूहळू उमटत होता. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला एका वेळी एकच काम करता येतं. आलेख काढून होईपर्यंत आकडा जागच्या जागी. दोन-तीन सेकंदांनी त्याने एकदम ११८० वर उडी मारली.

हा आकडा चढवण्याचा खेळ सुरुवातीला झपाट्याने आणि शेवटी हळू चालतो, म्हणजे डोळ्याला बरं वाटतं. त्यामुळे अर्धा सेकंद व्हायच्या आतच तो सात-आठशेपर्यंत पोचलेला असतो. अगदी खरा वाटेल असा आकडा! पन्नासवर किंवा दोनशेवर अडकला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

चित्र पहिल्यांदा कोणी टाकलं तेही त्याच रात्री कळलं. एक तरुण पोरगा. "फोन हँग झाला, मी शॉट घेतला नि बंद केलं." एक संचालक आजही म्हणतात की ते व्यापाऱ्याने करवलं. मला तसं वाटत नाही. पण करवायचं असतं तर करवता आलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. संस्थेच्या अधिकृत पानावर शून्यापासून खऱ्या भावापर्यंतचा प्रत्येक भाव रोज दिसत होता. बोट वेळेवर दाबलं की हवा तो मिळणार.

एवढ्यात मागून एक सालदार पुढे आला. मालकासोबत आलेला, हातात जिओफोन, बटणांचा. "माह्यावर तं काहीच दिसत नाही भो. पांढरं फक्क." संचालक हसले. मी फोन घेतला आणि मला हसू आलं नाही. २०१७ साली आलेला तो फोन कायओएस या बटणांच्या फोनांसाठीच्या प्रणालीवर चालतो, आणि त्यातलं ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८ व्या आवृत्तीच्या पायावर उभं आहे. नवी साइट रिॲक्टवर, म्हणजे जावास्क्रिप्टने पानं बांधायच्या तयार सामानावर, उभी होती. आजची रिॲक्टची साधनं जावास्क्रिप्ट 'मोड्यूल' म्हणून, म्हणजे नव्या पद्धतीने जोडलेली फाइल म्हणून पाठवतात. त्या ब्राउझरला मोड्यूल म्हणजे काय ते माहीतच नाही, त्यामुळे ते ती ओळ सोडून देतं. चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही. मागे उरतं एक रिकामं डिव्ह, म्हणजे पानावरची मोकळी चौकट.

त्या फोनवर माझं जुनं पान चालायचं, हे मी त्या खोलीत बोललो नाही. इथे बोलतो. सर्व्हरवरच पान तयार करणारी पीएचपी, एक तक्ता, बाहेरचा फाँट नाही, जावास्क्रिप्ट नाही. सगळं मिळून ९ केबी. सर्व्हर पहिल्या खेपेला साधारण १४ केबी पाठवतो आणि पोच यायची वाट पाहतो. पान त्याच्या आत बसवलं की सिग्नलची एक काडी असली तरी बांधावर भाव दिसतो. त्या १४ केबीच्या आत राहायला मी लोगोसुद्धा बारीक केला होता. कोणाला सांगितलं तर लोक म्हणतात, हो का, छान. नव्या साइटचं फक्त जावास्क्रिप्ट तीन एमबीच्या जवळ होतं. दाखवायचं काय, तर चार ओळी आणि आठ आकडे.

आठसुद्धा नाही. नव्या फॉर्ममध्ये 'फरक'चा रकानाच नव्हता. नाना तो 'टीप'मध्ये लिहायचे. शिवाय मराठी कीबोर्डवरून ११८० टाकलं की फॉर्म घ्यायचाच नाही, कारण जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी अंक म्हणजे अंकच नव्हेत. इंग्रजीत लाल ओळ यायची. नानांनी तोडगा काढला होता: नातवाकडून फोनचा कीबोर्ड बदलून घ्यायचा, भाव टाकायचा, परत मराठी करायचा. रोज. पुण्यात कोणाला कळवलं का विचारलं, तर म्हणाले, "त्यांचं तिकीट काढा लागतं. ते कायचं तिकीट, मले समजलं नाही."

रात्री नऊला एजन्सीच्या मुलाशी बोललो. मुलगा आपल्याकडचाच निघाला, जळगावात इंजिनिअरिंग केलेला. मी भांडायच्या तयारीत होतो आणि त्याने दहा मिनिटांत चढता आकडा काढून टाकला, आलेख दुसऱ्या पानावर हलवला. हुशार पोरगा. मी विचारलं, हे स्वस्त फोनवर पाहिलं नव्हतं का? म्हणाला, "सर, लाइटहाउसला ९६ होता." लाइटहाउस हे वेबपान तपासून शंभरापैकी गुण देणारं गुगलचं साधन. त्याने ते डेस्कटॉप निवडून चालवलं होतं, ऑफिसच्या वायफायवर. आकडा चढवणारा कोड त्याचा नव्हता. एनपीएम या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातून आणलेलं पॅकेज. अशा शेकडो पॅकेजांवर ते पान उभं होतं, आणि त्यांपैकी बरीच त्याने स्वतः निवडलेलीही नव्हती, पहिल्यांनी आपल्यासोबत आणलेली. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले प्रकल्प बिल्ड होईनात, तेव्हा आमच्या धंद्यात महिनाभर शहाणपणाच्या गोष्टी झाल्या. पॅकेजं त्यानंतर वाढलीच.

मी म्हटलं, चार ओळींचा तक्ता आहे रे बाबा, यासाठी रिॲक्ट कशाला? फेसबुकने ते २०१३ मध्ये खुलं केलं ते त्यांच्या अडचणीसाठी, जिथे एकाच पानावर गप्पा, सूचना, जाहिराती सगळं क्षणाक्षणाला बदलतं. आपल्याकडे भाव दिवसातून एकदा बदलतो. सर्व्हरनेच पान तयार करून पाठवलं तर काय बिघडतं?

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, पटतंय. पण साध्या पीएचपीवर मला पुढची नोकरी कोण देईल?"

यावर मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं. नोकरीच्या जाहिराती मीही वाचतो. पान ९ केबीत बसवता येतं का, असं कुठल्याच जाहिरातीत विचारत नाहीत. रिॲक्ट किती वर्षं, नेक्स्ट येतं का, टाइपस्क्रिप्ट येतं का. पोरं गिऱ्हाइकाच्या पैशाने आपला रिझ्युमे लिहितात असं मी पूर्वी तावातावाने म्हणायचो. आता म्हणतो तेव्हा त्या पोराचा आवाज आठवतो. त्याच्या जागी मी काय केलं असतं? मी तर या चक्रातून वाचलो तो कोणी विचारणारंच नव्हतं म्हणून. अँग्युलरजेएस हे रिॲक्टसारखंच साधन २०१० मध्ये आलं, २०२१ संपताना त्याचा पाठिंबा संपला. मधल्या काळात ते शिकलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. रिॲक्टमध्येही २०१९ ला हुक्स नावाची लिहिण्याची नवी पद्धत आली आणि आधीच्या पद्धतीने लिहिणारा एकदम म्हातारा झाला. क्रिएट-रिॲक्ट-ॲप म्हणून सगळे ज्याने सुरुवात करायचे, ते २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे निकालात निघालं. या धावपळीत हुशार माणसाचा सगळा जीव साधनांवर जातो. बांधावरच्या फोनसाठी काही उरत नाही. यात एकट्या पोराला बोलून काय उपयोग? एजन्सीचा मालक डेमो आयफोनवर देतो. संचालक तो भिंतीवरच्या टीव्हीवर पाहून टाळ्या वाजवतात. आणि पुढचं बिल त्यावरच निघतं.

निंभोऱ्याच्या बाजूचे एक बागायतदार दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले होते. त्यांनी ते चित्र पाहून रात्रीच हजाराने सौदा केला, शंभर क्विंटलची गाडी. हिशेब त्यांनीच कागदावर मांडला: १८,००० रुपये. व्यापारी म्हणतो, तुम्ही कबूल झालात. एजन्सी म्हणते, डेटाबेसमध्ये भाव बरोबरच होता. संस्था म्हणते, स्क्रीनशॉट अधिकृत नसतो. तिघांचंही कागदोपत्री बरोबर. ते काका मला म्हणाले, "तुमच्यावाल्या पानावर असं होत नव्हतं ना?" मी नाही म्हटलं, आणि त्यांना त्याचा काहीच फायदा नव्हता.

माझं जुनं पान परत लागलं, पण आडबाजूला. मुख्य साइटवर खाली बारीक अक्षरात 'साधे पान' अशी लिंक आहे. त्या पोराने ती लिंक स्वतःहून टाकली आणि 'फरक'चा रकानाही जोडून दिला. देवनागरी अंक फॉर्मने घ्यावेत म्हणून मी त्याला एक छोटं फंक्शन पाठवलं. तेही त्याने त्याच दिवशी चढवलं. चढता आकडा मात्र संचालकांच्या आग्रहावरून ऑफिसातल्या टीव्हीपुरता पुन्हा सुरू झाला आहे. त्याशिवाय पान मेल्यासारखं वाटतं म्हणे.

हल्ली फैजपूरचा एक विद्यार्थी माझ्याकडे शिकायला येतो. त्याच्याकडून मी आधी साधं एचटीएमएल आणि एसक्यूएल करून घेतो, जिओफोनवर उघडून दाखवायला लावतो, आणि मग रिॲक्ट. रिॲक्ट वगळायची हिंमत माझी झाली नाही. नोकरी त्याला शोधायची आहे. परवा त्याने गावच्या दूध डेअरीचं पान ११ केबीत बसवलं. मी खूश झालो. तो म्हणाला, "दादा, पण हे लिंक्डइनवर काय म्हणून टाकू?"