ऑर्किडचे कार्यक्रम, मे अखेर ते जानेवारी: टेबलावर काय मांडलं, काय दिसलं

बागप्रेमी मंडळांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये ऑर्किडवर तासभर बोलायचं तर प्रकार, खतं, रोग असं सगळं एका बैठकीत मावत नाही. म्हणून यंदा विषय मुंबईच्या ऋतूंप्रमाणे वाटून घेतले आणि प्रत्येक वेळी तीच झाडं मांडली: डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस आणि बास्केटमधला व्हँडा. मांडणी सारखी एकाच प्रश्नावर येते, ती म्हणजे पाणी दिल्यावर मुळं किती वेळात सुकली. मुंबईत ऑर्किड तहानेने क्वचितच मरतं. ओल्या मुळांना हवा न मिळाल्यामुळे मरतं.

मे अखेर: माध्यम

माध्यम म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरायचा पदार्थ. चार इंची जाळीदार कुंड्या तीन. एकीत लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे निम्मे-निम्मे, दुसरीत नारळाच्या सोडणांचे तुकडे, तिसरीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ). तिन्ही अर्धा तास बादलीत बुडवून, निथळून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलायच्या आणि ग्रिलमध्ये ठेवून रोज संध्याकाळी परत तोलायच्या. मेच्या उन्हात कोळसा-वीट दुसऱ्या दिवशी कोरडी होते, सोडणं दोन-तीन दिवस घेतात. जुलैत हेच करून बघितलं तर मॉस आठवडाभर ओलंच राहतं. हा प्रयोग प्रत्येकाने आपल्या गॅलरीत करावा, कारण दुसऱ्या मजल्यावरची बंदिस्त गॅलरी आणि बाविसाव्या मजल्यावरचं समुद्राकडचं ग्रिल यांचं माध्यम एक असूच शकत नाही.

कोळसा साध्या लाकडाचा, तुकडे दोन-तीन सेंटिमीटरचे. बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या दाबलेल्या गोळ्या नकोत, त्यांत चिकटवायचे पदार्थ असतात. भुकटी पूर्ण जाईपर्यंत धुवायचा. विटांचे तुकडे रात्रभर भिजवायचे. सोडणं वापरायची तर तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलून. तपकिरी पाणी निघतं त्याबरोबर क्षारही निघतात. हे टाळलं तर नव्या मुळांची टोकं काळी पडतात. आमचं मत स्पष्ट आहे: डेंड्रोबियमसाठी मुंबईत कोळसा-वीटच. सोडणांचा दोन पावसाळ्यांत भुगा होतो आणि कुंडीच्या मध्यभागी चिखल साचतो. कोळशावर पांढरी पुटं दिसू लागली की क्षार साठलेत असं समजून तो बदलायचा.

या कार्यक्रमात सगळ्यांत जास्त वेळ गेला तो बाजारातून आणलेल्या फॅलेनॉप्सिसवर, आणि ते योग्यच होतं. पारदर्शक कपातून झाड उलटं करून काढलं. बाहेरची मुळं जाड, हिरवी, घट्ट. मॉस बोटांनी मोकळं करत आत गेलं की मधोमध सुपारीएवढा दाबलेला गोळा लागतो. रोप लहान असताना त्याला ज्या मॉसमध्ये वाढवलेलं असतं ते तसंच राहिलेलं असतं. त्याच्याभोवतीची मुळं तपकिरी. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सरकून हातात येतं आणि मागे फक्त दोरा उरतो. हे मूळ मेलं. वरून पाहून यातलं काहीच कळत नाही. पानं लोंबायला लागतात, माणूस पाणी वाढवतो आणि उरलेली मुळंही जातात. फुलं संपली की हा गोळा काढणं हे पहिलं काम. मेलेली मुळं कापा, झाड दिवसभर सावलीत उघडं ठेवा आणि मग मोठ्या तुकड्यांच्या कोळशात, मुळांच्या पसाऱ्याला जेमतेम पुरेल एवढ्याच कुंडीत लावा.

जिवंत मूळ सुकं असताना रुपेरी पांढरं आणि भिजलं की हिरवं दिसतं. पाणी कधी द्यायचं याचं उत्तर या रंगातच आहे.

जुलै: कूज

दोन प्रकार शेजारी ठेवून दाखवले. मऊ कूज जिवाणूंची: पानावर पाणी भरल्यासारखा डाग, दाबला की पाणी सुटतं, वास घाण, एक-दोन दिवसांत पान जातं. काळी कूज बुरशीसारख्या जिवांची (फायटोफ्थोरा, पिथियम): काळा-जांभळा डाग, कडेला पिवळी रेघ, बुंध्यातून वर चढतो. पहिल्यावर बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही. कापायचं, सुकवायचं, दोन-तीन दिवस पाणी बंद. दुसऱ्यावर मेटॅलॅक्सिल-मँकोझेब, लिटरला 2 ग्रॅम. दोन्हींत डागाच्या पुढे एक-दोन सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन कापायचं आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची. पूड मुळांवर पडू देऊ नये, मुळं कोरडी पडून मरतात. बागेत तांब्याचं औषध सरसकट मारणाऱ्यांनी डेंड्रोबियमला ते मारू नये. कोवळे कोंब जळतात.

ब्लेडबद्दल आम्ही दर वेळी बोलणार, कितीही वेळा सांगून झालं तरी. ऑर्किडचे सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू कात्रीवरच्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांना इलाज नाही. एका झाडाला एक नवं ब्लेड, किंवा कात्री ज्योतीवर तापवून, थंड करून.

पावसात फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिलं की शेंडाच कुजतो. कुंडी तिरकी टांगली की प्रश्न मिटतो. सरकत्या काचा लावून गॅलरी बंद केली तर छोटा पंखा हवा, झाडावर न रोखता भिंतीकडे वळवलेला. व्हँडाला पाऊस चालतो, पण सलग झड लागली की छज्जाखाली.

खत या दिवसांत निम्मं: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम, उघडीप मिळाली की. एरवी आठवड्यातून एकदा, लिटरला 1 ग्रॅम. पालिकेचं तलावांचं पाणी सौम्य असतं, त्यात कॅल्शियम कमी. जोमाने वाढणाऱ्या झाडाच्या नव्या पानाचं टोक काळं पडतं ते बऱ्याचदा यामुळे. महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट, लिटरला अर्धा ग्रॅम, पण वेगळ्या दिवशी. फॉस्फेट असलेल्या खतात मिसळलं तर तळाला साका बसतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा.

ऑक्टोबर: ऊन

मुंबई 19 अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, सप्टेंबरनंतर तो दक्षिणेला झुकत जातो. त्यामुळे पावसाळ्यात सावलीत असलेल्या दक्षिणेकडच्या गॅलरीत ऑक्टोबरात अचानक थेट ऊन येतं, तेही ढगांखाली कोवळ्या राहिलेल्या पानांवर. करपलेला डाग आधी पांढरट, मग काळा आणि कोरडा होतो, पण पसरत नाही. पसरला तर ती कूज. पान हाताला गरम लागलं तर त्याच दिवशी झाड मागे घ्या.

मोबाइलचं लक्स अ‍ॅप (उजेड मोजणारं) अचूक नसतं, तुलनेला पुरतं. फॅलेनॉप्सिसला 10 ते 15 हजार लक्स, डेंड्रोबियमला 20 ते 30 हजार, व्हँडाला 30 हजारांच्या वर. उघड्या दुपारचं ऊन लाखाच्या आसपास जातं, म्हणजे फॅलेनॉप्सिसला 75 टक्क्यांची हिरवी जाळी लावूनही थेट दुपार नकोच.

डिसेंबर-जानेवारी: दांडा

फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. दिवस 25 अंशांच्या आसपास आणि रात्र त्याखाली असली की पुरे. सतत 28 च्या वर राहिलं तर नुसती पानं वाढतात. मुंबईच्या थंडीत रात्रीचा गारवा उघड्या खिडकीपाशी मिळतो, दिवसा झाड घरातल्या थंड जागी हवं. पानाच्या काखेतून बाहेर आलेलं मूळ की दांडा, हा प्रश्न हमखास येतो. मुळाचं टोक गोल, चकचकीत हिरवं असतं. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं. तो वाढत असताना कुंडी फिरवू नका, नाहीतर कळ्या वेड्यावाकड्या वळतात.

डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या जुन्या काड्या कापू नका. त्यांत साठा असतो, आणि त्यांवर पुन्हा फुलंही येतात. हिवाळ्यात फुलांनी लगडलेलं सिंबिडियम किंवा नोबिल जातीचं डेंड्रोबियम विकायला आलं तरी घेऊ नये, असं आम्ही सरळ सांगतो. त्यांना लागणारी थंडी मुंबईत पडत नाही. पुढच्या वर्षी नुसती पानं मिळतील.

सह्याद्रीतली सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) आणून लावायची का, हेही विचारतात. नाही. जंगलातून आमरी, म्हणजे ऑर्किड, आणू नये, राष्ट्रीय उद्यानातून तर काहीही उचलणं हा गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप मागा. ते मिळेपर्यंत थांबावं लागलं तर थांबा.

फेब्रुवारीत कुंडी बदलायचं प्रात्यक्षिक आहे. ज्या डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाला सेंटिमीटरभर मुळं दिसत असतील तेच आणा. मुळं नसलेला कोंब हलवला तर महिनोन्‌महिने रुसून बसतो. घरून निघायच्या तासभर आधी कुंडी नीट भिजवा. सुकी मुळं सोडवताना मोडतात, भिजलेली वाकतात. नवं ब्लेड प्रत्येकाने आपलं आपलं आणायचं आहे.