इंजिन घरी का बांधलं? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या गाडीचं इंजिन मी घरच्या पार्किंगमध्ये उघडलं, त्यात सुधारणा केल्या आणि पुन्हा बांधलं, हे कळलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "घरी का? गॅरेजला का नाही दिलं?" आणि दुसरा, "मग पॉवर किती वाढली?" ऑफिसच्या लिफ्टमध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत सांगते.

गाडी २००१ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. स्पोर्ट्स कारला दोनच दारं हवीत असं मानणारे हिला घरगुती सेडान म्हणतील, पण त्या काळात आपल्याकडे एवढ्या किमतीत १४९३ सीसीमधून १०६ बीएचपी, तीही ६८०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), देणारं दुसरं काही सहज मिळत नव्हतं. शर्यतीत आणि ड्रॅगमध्ये ही गाडी उतरवणारे आजही तिचं नाव आदरानं घेतात. माझ्यासाठी ही स्पोर्ट्स कारच आहे.

हे इंजिन चालतं कसं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दर सिलिंडरला हवा आत घेणारे व्हॉल्व्ह दोन, पण त्यांच्यासाठी कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, लोब (उंचवटे) तीन. कमी आरपीएमला बाजूचे दोन लोब आपापला व्हॉल्व्ह उघडतात आणि मधला उंच लोब त्याच्या रॉकरला, म्हणजे लोबचा धक्का पुढे देणाऱ्या तरफेला, नुसता हलवत राहतो. आरपीएम वाढले की एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) ऑइलची वाट मोकळी करतो. ऑइलचा दाब रॉकरमधल्या पिना सरकवतो, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि दोन्ही व्हॉल्व्ह मधल्या लोबप्रमाणे जास्त उंच, जास्त वेळ उघडू लागतात. हेच व्हीटेक. होंडानं हे तंत्र पहिल्यांदा १९८९ साली इंटेग्रात आणलं. म्हणजे या इंजिनाचा वरचा सगळा जोर ऑइलच्या दाबावर अवलंबून आहे. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगांवर फिरतो ती झिजून फट वाढली की ऑइल तिथूनच निसटतं आणि वर रॉकरपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही.

माझ्या गाडीत नेमकं हेच होत होतं. सकाळी सुरू करताना निळसर धूर यायचा, ऑइल पिणं वाढलं होतं आणि गरम इंजिनावर व्हीटेक कधी लागायचं, कधी नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पाहिलं तर तिसरा सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा वर चढला. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलनं फरक पडला नसता. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या दाब धरून ठेवणाऱ्या कड्या, गेल्या होत्या.

आता घरी का, ते सांगते. चांगल्या मिस्त्रीचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पटीनं बसलेला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण गॅरेजमध्ये एका इंजिनाच्या मागे दुसरं उभं असतं. कारखान्याकडे उत्तम यंत्रं असतात, तिथंही तेच. माझ्याकडे एकच गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त होती, ती म्हणजे या एका इंजिनासाठी वेळ. आणि इंजिनाच्या कामात वेळेचं रूपांतर थेट अचूकपणात होतं.

कारखान्यालाही हे माहीत असतं. होंडाच्या ब्लॉकवर आणि क्रँकवर अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. एकाच साच्यातला, एकाच यंत्रावरचा प्रत्येक क्रँक दुसऱ्यापेक्षा काही मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वेगळा निघतो, म्हणून त्या खुणांचा तक्ता जुळवून बेअरिंगचे शेल, म्हणजे आतले अर्धगोल पातळ पत्रे, निवडायचे. शेलच्या कडेला रंग असतो, लाल, गुलाबी, पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा, निळा, आणि प्रत्येक रंगाची जाडी थोडी निराळी. पुण्यात नाना पेठेत "सिटीचा मेन बेअरिंग सेट द्या" म्हटलं की बहुतेकदा एकच स्टँडर्ड जाडीचा डबा समोर येतो. त्यानं इंजिन चालतं, वाईटही चालत नाही. पण वीसेक वर्षं फिरलेल्या क्रँकवर त्या मूळ खुणाही पूर्ण खऱ्या राहिलेल्या नसतात. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरनं मोजायचं, बेअरिंग कॅप ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून आतला व्यास बोअर गेजनं घ्यायचा आणि मग प्रत्येक जागी कोणता रंग बसतो ते ठरवायचं. मी तसं केलं. पाच मेन बेअरिंगना शेवटी एकच रंग लागला नाही.

मोजमापाची गोडी मला शेजारच्या काकांनी लावली. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. पुण्याचं हे भाग्य मला मोठं वाटतं. इथं गल्लोगल्ली असा एखादा माणूस राहतो, ज्यानं आयुष्यभर शतांश मिलिमीटरशी व्यवहार केलाय. पहिल्याच दिवशी मी दुपारी पिस्टन मोजायला घेतले, तेव्हा काका म्हणाले, "ऊन उतरू दे बाळ. आत्ता जे मोजशील ते पिस्टनचं माप नाही, दुपारचं माप आहे."

हिशेब करून पाहिला. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. ७५ मिलिमीटरचा पिस्टन १० अंशांनी तापला की १७ मायक्रॉननं फुगतो. या इंजिनात नवा असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फटच साधारण १० ते ४० मायक्रॉन असते. माणसाचा केस ७०च्या आसपास भरतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२ आणि दुपारी ३० अंश हे नेहमीचंच. म्हणजे सकाळी मोजलेला पिस्टन आणि दुपारी मोजलेला सिलिंडर यांची वजाबाकी केली तर उत्तराला काही अर्थच उरत नाही. मोजमापासाठी जगभर २० अंश हे प्रमाण तापमान मानतात. मी ब्लॉक, पिस्टन, क्रँक आणि मापाची सगळी हत्यारं रात्रभर एकाच खोलीत ठेवायची आणि पंखा बंद करून मोजायला बसायची. तेच माप दोनदा सारखं आलं तरच वहीत लिहायचं. या कामाला गॅरेजवाला पैसे तरी किती लावणार, आणि कोणतं गिऱ्हाईक देणार?

वजनाचंही तसंच. या इंजिनाचा स्ट्रोक ८४.५ मिलिमीटर आहे. ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २० मीटर होतो आणि प्रत्येक फेरीत तो दोनदा पूर्ण थांबून उलटा फिरतो. त्या वळणावर एका ग्रॅमची ओढ दोन किलोंहून जास्त होते. त्यामुळे चार पिस्टन आणि चार कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) दागिन्यांच्या वजनकाट्यावर घेतले. पिस्टनच्या पिनांची अदलाबदल करून बराच फरक मिटला. उरलेला, सगळ्यात हलक्या जोडीला प्रमाण मानून इतरांचा धातू ताणाच्या जागा टाळून पॉलिशनं काढत मिटवला. रॉडची दोन टोकं वेगवेगळी तोलावी लागतात, कारण मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं आणि लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली जातं.

सगळं काही घरी होत नाही, हेही सांगायला हवं. बोअरिंग आणि होनिंग (सिलिंडर आतून कापून, घासून मापाला आणणं), हेडची म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाची फेसिंग (तळ सपाट करणं) आणि क्रँकचं बॅलन्सिंग भोसरी एमआयडीसीत करून घेतलं. तिथं मी एकाच गोष्टीवर अडून बसले, ती म्हणजे टॉर्क प्लेट. हेडचे बोल्ट आवळले की अॅल्युमिनियमचा ब्लॉक किंचित ओढला जातो आणि गोल सिलिंडर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट बसवून, बोल्ट तेवढ्याच टॉर्कला आवळून मग होनिंग करायचं. शॉपवाले दादा आधी म्हणाले, "ताई, या गाडीला कोण करतं एवढं?" मग त्यांनीच प्लेट बनवली आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या ठरलेल्या पिस्टनच्या मापाला होन करून दिला. पिस्टन ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मिलिमीटर मोठे), म्हणजे क्षमता १५०३ सीसीच्या आसपास. ही दुरुस्तीची नेहमीची पायरी आहे. याहून मोठं इंजिन बसवण्याचे सल्ले खूप मिळाले, टर्बोचेही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बाबांच्या गाडीत दुसऱ्या कशाचं तरी इंजिन मला नको होतं.

माझ्या दृष्टीनं खरी सुधारणा हेडमध्ये झाली. चारही दहनकक्षांवर काचेची पट्टी ग्रीस लावून बसवायची आणि ब्युरेटनं रंगीत द्रव थेंबाथेंबानं सोडून प्रत्येक कक्ष किती सीसीचा आहे ते मोजायचं. एका सिलिंडरचं मूळ विस्थापन, म्हणजे पिस्टन वरखाली जाताना व्यापतो ती जागा, ३७३ सीसी. पिस्टन वर असताना उरलेली जागा ४३ सीसी असेल तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पटीनं दाबलं जातं) ९.७ येतो, ४२ असेल तर ९.९. माझ्या हेडमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या कक्षात जवळजवळ एवढाच फरक होता. म्हणजे एकाच इंजिनात चार थोडी वेगळी इंजिनं, आणि इग्निशनचं टायमिंग मात्र चौघांना एकच. कक्ष सारखे केले, पोर्टमधल्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटांमधल्या, ओतकामाच्या कडा घासून सपाट केल्या, पॅकिंगच्या जागी येणाऱ्या पायऱ्या जुळवल्या. पोर्ट मोठे केले नाहीत. पोर्ट मोठा केला की हवेचा वेग पडतो आणि शहरात, सिंहगड रोडच्या गर्दीत, गाडी मरगळते.

हेडची फेसिंग केली की कॅमशाफ्ट क्रँकच्या तेवढं जवळ येतं आणि बेल्टमुळे कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. हे फार जण लक्षातच घेत नाहीत. त्यासाठी फिरवता येणारी कॅम पुली बसवली आणि डिग्री व्हीलवर (अंशांच्या खुणा असलेल्या चाकावर) टायमिंग लावलं. तेव्हा काकांना सांगावं लागलं की हे होंडाचं इंजिन बहुतेक गाड्यांच्या उलट, घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं फिरतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चाक पुन्हा शून्यावर आणलं.

याशिवाय चार पाइपांचा एक्झॉस्ट हेडर (जळलेला धूर इंजिनातून बाहेर नेणारा जोड), ऑइल कूलर आणि इंधनाचे सगळे रबरी पाइप नवे, इथेनॉलला टिकणारे. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि २००१च्या गाडीचं रबर त्यासाठी केलेलंच नव्हतं. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला माझं हे कळकळीचं सांगणं आहे: इंजिन उघडा नाहीतर नका उघडू, पाइप आधी बदला. इथेनॉलला इंधन थोडं जास्त लागतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवा १४.७ भाग लागते, ई२०च्या एका भागाला १३.५च्या आसपास. त्यामुळे इंजेक्शनचं कॅलिब्रेशनही तपासून घेतलं. पण इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं, आणि त्याच जोरावर थोडं वाढवलेलं कॉम्प्रेशन ठोक न देता, म्हणजे मिश्रण अवेळी न पेटता, चालतं.

आता दुसरा प्रश्न, पॉवर. काम सुरू करण्याआधी आणि रन-इन झाल्यावर (नवे भाग हळूहळू चालवून बसल्यावर), दोन्ही वेळा गाडी एकाच डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नेली. उंचीची दुरुस्ती न लावता चाकांवर आधी ७४ बीएचपी होते, आता ९१ आहेत. हे ऐकून लोक खूश होतात, म्हणून पुढचं लगेच सांगते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे. इथं हवेचा दाब ६ टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणून टर्बो नसलेल्या १०६च्या इंजिनाचे इथं ९९ होतात. त्यातून गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंतचं नुकसान वजा करा. नवी असताना याच डायनोवर हिनं ८६च्या आसपास दिले असते. म्हणजे वाढलेल्या १७ पैकी १२ हे तिचेच होते, झिजेत हरवलेले. माझ्या सुधारणांचे फार तर ५.

बाजारात मात्र ते ५च विकले जातात. हेडर, फिल्टर, पुली, चिप, सगळ्यांच्या डब्यावर आकडे असतात. ते १२ कोणत्याही डब्यात मिळत नाहीत. ते फटीत, वजनात आणि स्वच्छतेत असतात, आणि एरवी कुणी तेवढा वेळ देत नाही म्हणून घरीच मिळवावे लागतात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे ते असं. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये होंडाचं मॅन्युअल चौरस सेंटिमीटरला २ किलोपर्यंतचा फरक चालवून घेतं. आज माझ्या गाडीत तो पाव किलोच्या आत आहे. ९१ या आकड्यापेक्षा मला या पाव किलोचा आनंद जास्त आहे.

हे वाचून तुमचंही इंजिन उघडावंसं वाटत असेल तर दोन गोष्टी आधी पाहा. तीच गाडी रोज ऑफिसला न्यावी लागत असेल तर उघडू नका, कारण सोमवारची घाई मोजमापात उतरते. आणि पहिली खरेदी पार्टची करू नका. बोहरी आळीतून चांगला मायक्रोमीटर, बोअर गेज आणि टॉर्क रेंच आणा, एखाद्या जुन्या क्रँकवर हात बसवा. एकच जर्नल दहा वेळा मोजून दहाही वेळा तेच माप येऊ लागलं, की या माझ्याकडे. इंजिन उचलायची चेनपुली आणि घोडी मी देते.