पंधराव्या लॅपची टाळी

अलोन्सोची फेरारी पिटमधून, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यातून, बाहेर पडली, वेबरच्या पुढे राहिली आणि मी टाळी वाजवली. १४ नोव्हेंबर २०१०, अबू धाबीचं यास मरीना सर्किट, फॉर्म्युला वन हंगामाची शेवटची शर्यत, ५५ लॅप्सपैकी, म्हणजे सर्किटच्या फेऱ्यांपैकी, पंधरावी. अलोन्सोचं तिसरं विश्वविजेतेपद त्याच लॅपला हातचं गेलं, आणि त्याला टाळी देऊन निरोप देणाऱ्यांत मी होते.

नंतर कितीतरी वर्षं मी फेरारीच्या डावपेचवाल्यांना शिव्या घातल्या. गेल्या आठवड्यात ती शर्यत पुन्हा पाहिली, अख्खी, अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणाऱ्या सेफ्टी कारमागच्या रटाळ लॅप्ससकट. पंधराव्या लॅपला हात आपोआप उचलला गेला आणि मग आठवलं.

तेव्हा घरात दोनच पक्ष होते. मी फेरारीच्या अलोन्सोची, दादा रेड बुल टीमच्या वेबरचा. दादाचं म्हणणं असं की रेड बुलमध्ये सगळे लाड त्या पोरसवदा फेटलचे होतात आणि राबतो वेबर. माझं म्हणणं असं की लाड कुणाचेही होवोत, गाडी कशी चालवायची ते अलोन्सोला विचारावं. एका वहीत प्रत्येक शर्यतीनंतर गुण मांडायचे. त्याच वर्षी गुणांची पद्धत बदलली होती, पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ अशी, त्यामुळे बेरजा एकदम भारदस्त वाटायच्या. वहीत रकाने दोन: अलोन्सो आणि वेबर. फेटलला रकाना नव्हता. हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, फेटलला वगळण्यासारखं काय होतं? होतं की. हंगामात दहा पोल (पात्रता फेरीत पहिला येऊन शर्यतीत सगळ्यांच्या पुढून सुरुवात) त्याच्या नावावर, सगळ्यात वेगवान गाडी त्याच्याकडे, आणि तरी काहीतरी बिघडायचंच. बहारीनला पुढे असताना स्पार्क प्लग गेला आणि तो चौथा आला. ऑस्ट्रेलियात पुढे असतानाच बाहेर. तुर्कस्तानात तर स्वतःच्याच टीममधल्या वेबरला धडकला. त्या दिवशी दादाने जेवताना कुणाशी बोलणं टाकलं होतं. आणि ऑक्टोबरमध्ये कोरियाला, पावसाच्या शर्यतीत, विजय समोर दिसत असताना इंजिनाने दम सोडला. ती शर्यत अलोन्सोने जिंकली. वेबर आधीच भिंतीवर जाऊन आला होता. त्या रात्री अलोन्सो २३१, वेबर २२०, हॅमिल्टन २१० आणि फेटल २०६. दोन शर्यती बाकी, फेटल २५ गुणांनी मागे. त्याच्यासाठी वहीत रकाना आखायचा कशाला?

मग ब्राझील. फेटल पहिला, वेबर दुसरा, अलोन्सो तिसरा. रेड बुलने संघांचं अजिंक्यपद तिथेच उचललं. पण वेबर गुणांत पुढे असूनही त्यांनी फेटलला ‘बाजूला हो’ म्हणून सांगितलं नाही. दादा टीव्हीवर ओरडत होता. मी गप्प होते, कारण त्याच जुलैमध्ये जर्मनीत फेरारीने आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरला, मासाला, रेडिओवरून ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ असं ऐकवून अलोन्सोला पुढे काढलं होतं आणि एक लाख डॉलरचा दंड भरला होता. अशा वेळी नीतीच्या गोष्टी बोलू नयेत एवढी अक्कल मला होती.

तर अबू धाबीला पोचले ते असे: अलोन्सो २४६, वेबर २३८, फेटल २३१, हॅमिल्टन २२२. शेवटच्या शर्यतीला चौघे दावेदार उरण्याची ही पहिलीच वेळ. पात्रता फेरीत फेटल पहिला, हॅमिल्टन दुसरा, अलोन्सो तिसरा, बटन चौथा, वेबर पाचवा. फेटल जिंकला तरी अलोन्सोला चौथा नंबर पुरणार होता. शनिवारी रात्री मी हे गणित तीनदा तपासलं, दर वेळी तेच आलं. चौथा!

सुरुवातीलाच बटनने अलोन्सोला मागे टाकलं. म्हणजे अलोन्सो चौथा. म्हणजे नेमका पुरेसा. पहिल्याच लॅपला शूमाकर गरगरला, उलटा थांबला, आणि फोर्स इंडियाची लिउत्झीची गाडी थेट त्याच्या अंगावर चढली. शूमाकरच्या डोक्यापासून ती किती जवळून गेली हे या खेपेला सावकाश करून पाहिलं आणि पोटात गोळा आला. दोघेही धडधाकट उतरले. सेफ्टी कार आली. आणि त्या गोंधळात मागच्या फळीतले काही जण चटकन पिटमध्ये जाऊन टायर बदलून आले. त्यात मर्सिडीजचा रोझबर्ग होता आणि रेनॉचा विताली पेट्रोव्ह होता, पहिल्याच हंगामातला रशियन मुलगा. सक्तीचा टायरबदल पहिल्याच लॅपला उरकून टाकला, आता शेवटपर्यंत थांबायचं कामच नाही. इंधन भरणं त्या वर्षापासून बंदच झालं होतं. मी हे पाहिलं का? पाहिलं. त्याचं मला काही वाटलं का? तर नाही.

कारण मी वेबरकडे बघत होते. दादा वेबरकडे बघत होता. आणि आता कळतं, फेरारीच्या पिट भिंतीवर बसलेली सगळी हुशार मंडळीही वेबरकडेच बघत होती.

अकराव्या लॅपला वेबर टायर बदलायला आला. त्याचे मऊ टायर घासले होते. दादा सरसावून बसला. नव्या टायरवर वेबर वेगात येणार आणि अलोन्सो पिटला जाऊन येईपर्यंत त्याच्यापुढे निघून जाणार, ही भीती. फेरारीने आधी मासाला आत बोलावून वेबरला अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग पंधराव्या लॅपला खुद्द अलोन्सोला बोलावलं. टायर बदलले, यास मरीनाच्या त्या बोगद्यातून गाडी बाहेर आली, वेबर मागे राहिला होता. टाळी. दादाने उशी फेकून मारली.

पुढच्या मिनिटाभरात पडद्यावर क्रम आला. अलोन्सोच्या पुढे पेट्रोव्ह. त्याच्या पुढे रोझबर्ग. आणि या दोघांना आता थांबायचंच नव्हतं.

थोडं तांत्रिक बोलते, कारण ‘दोन वेळचा विश्वविजेता एका नवख्याला ओलांडू शकला नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि त्याचा मला राग येतो. मागच्या पंखाची फट उघडून सरळ रस्त्यावर वेग वाढवायची डीआरएसची सोय २०११ पासूनची. २०१० मध्ये ती नव्हती. पुढच्या गाडीच्या मागे चिकटलं की हवा विस्कटलेली मिळते, वळणांत पकड सुटते, आणि वळणातून बाहेर पडताना जो इंचभर फायदा हवा तो मिळत नाही. यास मरीनाला लांबलचक सरळ रस्ता होता, पण त्याच्या तोंडाशीच अगदी हळू वळणांची घडी होती. तिथे पेट्रोव्ह आधी बाहेर पडायचा आणि रेनॉ सरळ रस्त्यावर भन्नाट पळायची. ब्रेक मारायच्या जागेपर्यंत अलोन्सोची गाडी जेमतेम त्याच्या सावलीत. सर्किटवाल्यांनी पुढे २०२१ मध्ये ती घडी काढून टाकली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला: अकरा वर्षं उशीर.

त्यातून दैवाचा विनोद बघा. अलोन्सोने २००५ आणि २००६ ची दोन्ही विजेतेपदं रेनॉच्या टीमकडूनच जिंकली होती. आता त्याच टीमची गाडी त्याच्या नाकासमोर चाळीसेक लॅप ठाण मांडून बसली.

पेट्रोव्हने काही वावगं केलं नाही. त्याला पुढच्या वर्षी गाडी मिळणार की नाही याची खात्री नव्हती, आणि आरशात फेरारी दिसत असताना त्याने एक ढोबळ चूक केली नाही. शर्यत संपल्यावर अलोन्सोने शेजारी गाडी नेऊन त्याच्याकडे हात उडवले. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. आपल्या माणसाचं सगळंच आवडायला हवं असं थोडंच आहे.

इकडे बाकीचे इतक्या लवकर थांबलेच नाहीत. जे मऊ टायर संपले असं फेरारीला वाटलं, ते थोड्या लॅपनंतर पुन्हा सावरले. बटनने ते ३९ व्या लॅपपर्यंत ओढले. म्हणजे अलोन्सो आपल्या जागी नुसता गप्प बसून राहिला असता तरी चाललं असतं. वेबर त्याच्या मागे होता, मागेच राहिला असता. या भागात मी टीव्हीसमोर उभी होते. अलोन्सोचा इंजिनिअर आंद्रेआ स्टेला रेडिओवर त्याला सांगत होता, तुझी सगळी प्रतिभा वापर, ती किती मोठी आहे आम्हाला माहीत आहे. डावपेच संपले की अशी वाक्यं सुरू होतात.

फेटल जिंकला. हॅमिल्टन दुसरा, बटन तिसरा, रोझबर्ग चौथा, कुबित्सा पाचवा, पेट्रोव्ह सहावा, अलोन्सो सातवा, वेबर आठवा. रेषा ओलांडूनही फेटलला काही ठाऊक नव्हतं. मागचे एकेक जण येईपर्यंत थांब, असं रेडिओवर त्याला सांगितलं जात होतं. मग रेड बुलचा तेव्हाचा प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर याने जर्मनमध्ये सांगितलं, तू विश्वविजेता आहेस, आणि त्या हेल्मेटमधून हुंदके ऐकू आले. २३ वर्षं १३४ दिवस, तोवरचा सर्वांत तरुण विजेता. फेटल २५६, अलोन्सो २५२, वेबर २४२, हॅमिल्टन २४०. एकोणीस शर्यतींच्या हंगामात फेटल गुणतक्त्यात एकदाही पहिला नव्हता, शेवटची शर्यत संपेपर्यंत.

आम्ही दोघं भावंडं वही समोर ठेवून बसलो होतो. दोन रकाने, आणि दोघांतलं कुणीच जिंकलेलं नाही.

इटलीत तर एका मंत्र्याने फेरारीच्या अध्यक्षांचा राजीनामा मागितला. जानेवारीत, डावपेचाचं खापर ज्याच्यावर फुटलं त्या फेरारीच्या ख्रिस डायर या अभियंत्याची पदावरून उचलबांगडी झाली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. आठ गुणांनी मागे असलेल्या माणसावर नजर ठेवणं हा काही गुन्हा नव्हता. पंधरा गुणांनी मागे असलेला पुढे पळत होता, आणि पुढे पळणाऱ्याचं काही करता येत नाही म्हणून सगळे मागच्याला अडवत बसले. अलोन्सोने २०१२ चं विजेतेपद तीन गुणांनी घालवलं, तेही फेटलकडेच. तिसरं आजतागायत आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र या वेळी नव्याने सापडली. दादाचं इतक्या वर्षांचं तुणतुणं एकच: ब्राझीलमध्ये रेड बुलने वेबरला पुढे काढलं असतं तर तो विश्वविजेता झाला असता. मी कागद घेतला. ब्राझीलला दोघांची अदलाबदल केली तर अबू धाबीआधी वेबर २४५, फेटल २२४. अबू धाबीचा निकाल जसाच्या तसा ठेवला तर वेबर २४९, फेटलही २४९. आणि अलोन्सो २५२.

लगेच दादाला फोन लावला. सगळे आकडे वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता. तो बेरीज करून बघत असणार.

“म्हणजे तुझा आला असता,” तो म्हणाला.

“हो.”

“मग झालं ते बरंच झालं.” आणि फोन ठेवून दिला.