बक्षिसांनंतरचं टेबल

विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या आमच्या मॉडेल मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात स्वागत, अहवाल, हिशेबाला मंजुरी आणि बक्षिसं दरवर्षीसारखीच पार पडतात. मन भरून येतं ते त्यानंतर, चर्चेच्या टेबलापाशी. एकेक विमान दिव्याखाली येतं, बनवणारा शेजारी उभा राहतो आणि जाणकार बोलू लागतात.

ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे कुठल्या स्क्वाड्रनचं, कुठल्या महिन्यातलं?" महिना कळल्याशिवाय चूक की बरोबर हे सांगताच येत नाही. ऑगस्ट १९४० चं म्हणून मांडलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या शेपटीपुढे स्काय नावाच्या फिकट हिरवट रंगाचा पट्टा दिसला, की बोट तिथेच जातं. तो पट्टा आणि त्याच रंगाचा स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मध्यावरचं टोपण, नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आले. गडद हिरव्यासोबतचा ओशन ग्रे हा राखाडी रंग तर ऑगस्ट १९४१ मधला. अमेरिकन विमानांवरच्या ताऱ्याच्या चिन्हातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये गेला, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या जून १९४३ च्या अखेरीस लाल किनारीसह आल्या आणि काही महिन्यांतच किनार निळी झाली.

मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान आलं की चर्चा हमखास रंगते. हौसेने अख्खं विमान झगझगीत धातूचं केलेलं असतं, पंखावरचा रिव्हेट न् रिव्हेट कोरलेला असतो. प्रत्यक्षात पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने बुजवून, घासून, वर चंदेरी लॅकर मारत. लॅमिनार प्रवाहासाठी, म्हणजे हवा पंखावरून खळबळ न होता सरकावी यासाठी, पृष्ठभाग गुळगुळीत लागतो म्हणून. त्यामुळे धड उघड्या धातूचं आणि पंख जरा मंद, सपाट चंदेरी, असाच फरक दिसायला हवा. नॉर्मंडीच्या पट्ट्या, म्हणजे १९४४ च्या स्वारीसाठी विमानांवर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे, असतील तर मोजपट्टी बाहेर निघते: एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा, म्हणजे १/७२ प्रमाणाच्या मॉडेलवर ६.३५ आणि १/४८ ला साधारण साडेनऊ मिलिमीटर. त्या घाईघाईत ब्रशने मारलेल्या होत्या, तेव्हा कडा थोडी हललेली असली तर ती चूक धरायची नाही.

कुणी जुना फोटो पुढे केला तर फिल्म कुठली हेही विचारलं जातं. लाल रंग न टिपणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्मवर लाल काळपट आणि पिवळाही गडद येतो. तेवढ्यावरून ब्रिटिश विमानावरच्या चक्राच्या चिन्हाची पिवळी कड नव्हतीच असं ठरवणं धोक्याचं.

पण मला सगळ्यात भिडते ती बोलण्याची पद्धत. नुसतं 'रंग चुकलाय' म्हणणाऱ्याला तिथे लगेच अडवतात: काय चुकलं, कशावरून, आणि आता काय करता येईल? आधी बांधणी बघायची, म्हणजे सांधे, पंखांचा कोन, चाकांची सरळ रेषा, मग रंग. डिकलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ चित्राखाली, चंदेरी चकाकी दिसली तर कारण सांगायचं: खरबरीत मॅट रंगावर डिकल लावल्याने खाली हवा अडकली. उपायही तिथल्या तिथे: बारीक सुईने टोचे मारा, डिकल मऊ करून बसवणारं सेटिंग सोल्यूशन सोडा, वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा सोडा, पुढच्या वेळी आधी चकचकीत ग्लॉस वार्निशचा हात द्या. टोचे मारायला नवख्याच्याच हातात सुई देतात, ते बघताना मंडळाचा खरा अभिमान वाटतो.

म्हणूनच बक्षिसं संपताच अर्धा हॉल रिकामा होतो, याचा राग येतो. सुवर्णपदकवालेच आधी खोकी बांधतात. ज्यांचं काम बघून नवख्यांनी शिकायचं, तेच निघून गेलेले असतात.

टिकून राहणाऱ्यांची आठवण मात्र काढायलाच हवी. पांढऱ्या प्रकाशाचे दिवे आणणारे, कारण पिवळ्या उजेडात ऑलिव्ह रंग ओळखता येत नाही. भिंग आणि कॅलिपर सांभाळणारे. रंगांच्या नमुन्यांच्या पट्ट्या दरवर्षी ताज्या रंगवणाऱ्या ताई. प्रत्येक सूचना कार्डावर लिहून बनवणाऱ्याच्या हाती देणारे सचिव. टेबलं लावणारी मुलं. तुटलेल्या अँटेना जागेवर चिकटवून देणारे आजोबा. आणि पार्किंगपाशी उभं राहून खोकी उतरवून घेणारे दोघं भाऊ. अहवालात त्यांचं नाव दर वेळी राहून जातं. ते यंदा आधी घाला.