चार्ल्स्टनच्या बाजारातले सूप

शनिवार, रात्र

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टनमधला आजचा दिवस सिटी मार्केट या जुन्या बाजारापासून सुरू झाला. देवळासारख्या खांबांची त्याची मुख्य इमारत १८४१ सालची असून तिच्यामागे बाजाराच्या लांबलचक शेड चार चौकांपर्यंत गेलेल्या आहेत. पिंकनी घराण्याने १७८८ साली ही जमीन शहराला दिली, ती येथे बाजारच भरला पाहिजे या अटीवर. गुलाम येथेच विकले जात असावेत, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात येथे मांस, मासळी आणि भाजी विकली जात असे.

आजच्या दुकानांतले टी-शर्ट आणि फ्रिजवरची चुंबके कोणत्याही पर्यटनस्थळी मिळतील अशीच आहेत. मी थांबले ती गुल्ला समाजातील, म्हणजे या किनाऱ्यावर गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांपैकी, एका वृद्ध बाईंपाशी. स्वीटग्रास नावाच्या गवताचा जुडगा गोल वळवायचा, चमच्याच्या सपाट केलेल्या दांड्याने त्यात छिद्र पाडायचे, त्यातून पामेटो या ताडवर्गीय झाडाच्या पानाची पट्टी ओवायची आणि घट्ट आवळायची, अशी त्यांची परडी फेऱ्याफेऱ्याने वाढत होती. शेजारच्या पसरट, कमी काठाच्या परडीकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की, पूर्वी मळ्यांवर अशाच परडीत भात पाखडत. म्हणजे आपले सूपच की! फक्त हे गोल आणि गवताचे. आजीचे बांबूचे आणि एका बाजूने उघडे असे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भातशेतीची जाण आणि ही वीण सोबत आणली, आणि त्यांनी पिकवलेल्या भातावर हे शहर गब्बर झाले. तरीही लहानशा परडीची किंमत नव्वद डॉलर ऐकताच मी ‘बघते’ म्हणून पुढे सरकले.

चाल्मर्स स्ट्रीटवरचा जुना स्लेव्ह मार्ट, म्हणजे गुलामांच्या विक्रीची जागा, तेथून काही मिनिटांच्या चालीवर आहे. माणसांचे लिलाव पूर्वी एक्स्चेंज या जुन्या व्यापारी इमारतीपाशी उघड्यावर होत. १८५६ साली शहराने त्यावर बंदी घातल्यावर ते थांबले नाहीत, फक्त भिंतींआड गेले आणि १८६३पर्यंत चालू राहिले. आता तेथे संग्रहालय आहे. आत कोणीही मोठ्याने बोलत नव्हते. बाहेर आल्यावर एका घोडागाडीतला वाटाड्या जुन्या घरांच्या व्हरांड्यांचे कौतुक सांगत होता, ते मला त्या वेळी ऐकवेना.

तीनच्या सुमारास पुन्हा बाजारात गेले आणि घासाघीस न करता परडी घेतली. सकाळी बाईंच्या हातात जो तळ तळहाताएवढा होता, तो एव्हाना जेमतेम बशीएवढा झाला होता.